डब्यातली मागची रांग

तुमच्या आईच्या पोटात दुर्बीण घातली तेव्हा तुम्ही पडद्याकडं बघत होतात की हातातल्या मोबाइलकडं?

उत्तर मोठ्यानं द्यायची गरज नाही. बहुतेक जण मोबाइलकडंच बघतात. बाहेर बाकड्यावर बसतात, कंपाउंडर हाक मारतो, हातात रंगीत फोटोंचा कागद येतो, खाली 'नॉर्मल' लिहिलेलं असतं, आणि आपण गोळ्या घेऊन घराकडं निघतो. त्या फोटोत एखादा कोपरा काळा असतो. हे इथं काळं का, असं विचारायची आपल्याला लाज वाटते. डॉक्टरला विचारायचं म्हणजे जणू देवळातल्या पुजाऱ्याला प्रसाद ताजा आहे का विचारायचं.

नांदेडचा खाजामियाँ मात्र विचारतो. भर रस्त्यात विचारतो, शिव्या खात विचारतो. त्याला हार घालायला धावू नका. पोटातला एक काळा कोपरा त्यानं स्वतःच्या हातानं बनवलाय.

खाजामियाँ मूळचा देगलूरचा. बापाचा फोटो स्टुडिओ होता. देगलूरला दुकान चालवायचं म्हणजे एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्याशी कानडीत बोलायचं आणि हिशोब उर्दूत मांडायचा. पण स्टुडिओचं नाव झालं ते एका गोष्टीनं, लग्नाच्या ग्रुप फोटोनं.

आपल्याकडच्या ग्रुप फोटोत कोण कुठं बसतं हे काही नव्यानं सांगायला नको. पुढं खुर्च्यांवर पाटील, जावई, पुढारी. त्यांच्या मागं भावकी. सगळ्यात मागं बाकड्यावर उभ्या बाया, गरीब चुलते आणि ज्यांना फोटोत घ्यायचं कुणाच्या मनातच नव्हतं पण हाकलणंही बरं दिसलं नसतं असे लोक. बाकीचे फोटोवाले पुढच्या खुर्च्या साफ काढायचे आणि मोकळे व्हायचे. मागची रांग म्हणजे नुसते पुसट ठिपके. पैसे कोण देणार, पुढचे. मग मागच्यांचं कशाला बघा.

खाजामियाँचा बाप असा नव्हता. कॅमेऱ्याच्या भिंगात पातळ काळ्या पाकळ्यांचं एक गोल भोक असतं. ते मोठं ठेवलं की उजेड भरपूर येतो, पण एकच रांग साफ निघते. बारीक केलं की पुढच्या खुर्चीपासून मागच्या बाकड्यापर्यंत सगळे साफ. ह्याला म्हातारा 'गहराई' म्हणायचा. पण भोक बारीक झालं की उजेड कमी शिरतो. म्हणून म्हातारा आधी मांडवाच्या कनाती काढायला लावायचा, हॅलोजन मागवायचा, पाटलाला उन्हात घाम गाळत बसवायचा आणि मगच भोक बारीक करायचा. पोराला बजावायचा, "पहले उजाला, फिर सुराख. उलटा किया तो काम गया."

पोरानं भोक बारीक करणं पक्कं लक्षात ठेवलं. उजेडाचं तेवढं पक्कं राहिलं नाही. पुढची सगळी गोष्ट ह्यातूनच घडली.

स्टुडिओच्या गिऱ्हाइकांत एक किशनराव होते. त्यांची बायको केवळाबाई देगलूरजवळच्या खेड्यातली. घरची शेती, माणसं भरपूर, आणि सगळ्यात धाकटी सून म्हणून सगळ्या फोटोंत सगळ्यात मागं. नणंदेच्या लग्नाचा फोटो न्यायला ती नवऱ्याबरोबर स्वतः स्टुडिओत आली होती. तोवर खाजामियाँच कॅमेरा धरायला लागला होता. तिनं फोटो उजेडाकडं धरला, डोळे बारीक केले, बोट ठेवलं.

"ही मी हाय व्हय?"

"मंग कोण?"

"आवं, कपाळाचं कुंकू बी दिसून राहिलं की माझं. आजवर लई फोटो निघाले, पण मी दिसले ती ह्याच्यातच." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही खुर्चीत बसता. तुम्हाला काय कळणार."

किशनराव हसले. तेव्हापासून हरभरा भरला की केवळाबाईकडून ढाळ्यांची एक पेंडी खाजामियाँच्या घरी यायची. किशनराव गेले तरी पेंडी चुकली नाही. ती त्याला खाजाभाऊ म्हणायची, तो तिला अक्का.

मग मोबाइल आले आणि फोटोग्राफर मेले. खाजामियाँनं स्टुडिओला कुलूप लावलं, बापाचा कॅमेरा पिशवीत घातला आणि मेहुण्याच्या ओळखीनं हैदराबाद गाठलं. तिथं दवाखान्यातल्या दुर्बिणी दुरुस्त करायचा कारखाना होता. काळी लांब नळी, तिच्या टोकाला राळ्याच्या दाण्याएवढं भिंग, शेजारी बारीक दिवा. नळी तोंडातून पोटात जाते आणि पोट पडद्यावर दिसतं. खाजामियाँनं ते काम काही वर्षांत उचललं आणि नांदेडला देगलूर नाक्यावर गाळा घेतला. चहावाला त्याला 'पेट का फोटोग्राफर' म्हणून हाक मारायचा. तो चिडल्यासारखं करायचा, पण त्याला ते आवडायचं. फोटोग्राफरांचं ते भरपूर खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट त्यानं सोडलं नव्हतं. दुर्बिणीच्या कंपनीचा टायवाला इंजिनिअर दवाखान्यात दिसला की म्हणायचा, "टाय पोटात जाती का हो साहेब, न्हाई ना? मंग काढून बसा."

तर असा हा माणूस. हुशार, तोंडाळ आणि स्वतःच्या हातावर लई फिदा.

नांदेडातल्या एका खाजगी दवाखान्याचे डॉ. अमरेश त्याचं कायमचं गिऱ्हाईक. त्यांनी कुठून तरी जुनी दुर्बीण घेतली होती आणि घेऊन पस्तावले होते.

"खाजाभाई, लांबचं बरं दिसतंय. जवळ नेलं की सगळं धुकं. आतल्या कातडीवर काय आलंय ते बघायला जवळच जावं लागतं ना?"

"गहराई न्हाई ह्याच्यात साहेब. भोक मोठं हाय."

"कंपनी म्हणते नवी घ्या. नवीत जवळचं, लांबचं, दोन्ही साफ दिसतं."

"कंपनी असंच म्हणणार. तुम्ही ठेवून जा माझ्याजवळ."

खाजामियाँनं दुर्बिणीचं टोक उघडलं. आत दोन भिंगं. त्यांच्यामध्ये एक बारीक भोकाची चकती बसवली की गहराई वाढणार, हे त्याला बापाच्या कॅमेऱ्यामुळं ठाऊक होतं. चकती पातळ हवी आणि काळी हवी. त्यानं पिशवीतून बापाचा कॅमेरा काढला, भिंगाच्या पाकळ्यांतली एक पाकळी उपटली आणि तिच्यातूनच चकती कातरली. बायको रईसा बघत होती.

"अब्बा का कॅमेरा तोड दिए?"

"तोड्या नहीं. जिंदा किया," तो म्हणाला.

मग त्यानं तपासून बघितलं. चहापत्तीचा पत्र्याचा डबा घेतला. केवळाबाईच्या नणंदेच्या लग्नाच्या फोटोची एक जादा प्रत त्याच्याकडं होती, तिच्या तीन पट्ट्या कापल्या. पुढची रांग डब्याच्या तोंडाशी, मधली मध्यावर, मागची तळाला, अशा उभ्या केल्या. दुर्बिणीचं टोक आत सोडलं आणि पडद्यावर पाटलाची मिशी केसन् केस दिसली. मधली भावकी दिसली. तळाची मागची रांगही दिसली.

रईसा म्हणाली, "वो कोने में केवळाक्का है ना?"

"हौ. टिकली भी गिन ले."

रईसानं कौतुकानं मान हलवली आणि खाजामियाँची छाती जाकिटात मावेना.

आता तुम्ही हुशार असाल तर चूक तुमच्या ध्यानात आलीच असेल. डबा उघडा होता. दारातून ऊन येत होतं, वर ट्यूब जळत होती. फोटोग्राफरची जन्माची सवय, काहीही तपासायचं ते उजेडात धरून. पोटात ट्यूब नसते. पोटाला दार नसतं. तिथं उजेड फक्त नळीच्या टोकाचा, आणि तोही आता बारीक भोकातून परत यायचा.

डॉ. अमरेशनी पहिल्यांदा ती दुर्बीण वापरली तेव्हा खाजामियाँ पडद्याजवळ उभा होता. जवळची कातडीची वळी एकदम साफ. डॉक्टर खूश. मग त्यांनी टोक वळवून पोटाच्या वरच्या बाजूला बघितलं, तिथं सगळं लांब असतं.

"इथं लाइट कमी वाटतोय हो."

"साहेब, साफ हाय की," खाजामियाँ म्हणाला. "धुकं दिसतंय का कुठं?"

धुकं नव्हतं. डॉक्टर पुढं सरकले. बाहेर रांग लागली होती आणि दुर्बिणीचा दिवाही बदलून बरेच दिवस झाले होते. एक माणूस अभिमानात, दुसरा घाईत. एवढ्यावर किती जणांना 'नॉर्मल' मिळालं असेल, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात केवळाबाई पोराला, सुदर्शनला घेऊन नांदेडला आली. "दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय खाजाभाऊ. भाकर इथं येऊन उभी राहती," तिनं छातीखाली हात ठेवला.

सुदर्शन म्हणाला, "लातूरला न्यावं म्हणून राहिलो मी. तिथं मोठे डॉक्टर हायत."

"लातूरला काय ठेवलंय?" खाजामियाँ चिडलाच. "अक्का, हितं अमरेशसाहेबांकडं जी दुर्बीण हाय ना, तिच्यात माझा हात हाय. तुमचा फोटो घालूनच तपासली मी. चला."

तो स्वतः घेऊन गेला. रांगेत ओळखीनं पुढं काढलं. पडद्यासमोर सुदर्शनला उभं केलं आणि म्हणाला, "बघ, आरशासारखं." सुदर्शननं बघितलं. सगळं साफ होतं. वरचा एक कोपरा काळा होता, पण पोटात काळं असणारच, असं त्याला वाटलं. नॉर्मल. आम्लपित्ताच्या गोळ्या. केवळाबाई जाताना म्हणाली, "जीवाचा घोर गेला बघा. औंदा ढाळे दोन पेंड्या धाडते."

दिवाळीनंतर पोटात पाणीसुद्धा ठरेना. सुदर्शननं कुणाला न विचारता तिला लातूरला हलवलं.

खाजामियाँ बसनं लातूरला गेला. केवळाबाई खाटेवर बसली होती, निम्मी झालेली. त्याला बघून हसली.

"आलात व्हय. चहा करते म्हणलं असतं, पण लातूरच्या नळाला पाणी कुठं हाय. तुमच्या नांदेडला तरी गोदावरी हाय बाबा."

"अक्का, काय निघालं?"

"गाठ निघाली. वरच्या अंगाला. कापता यायची न्हाई म्हणतेत." तिनं हे असं सांगितलं की जणू शेजारणीच्या म्हशीबद्दल बोलतेय. "पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी हितल्या डॉक्टरला ठासून सांगितलं, उन्हाळ्यात न्हवतीच ती. आमच्या खाजाभाऊनं बनवलेली मशीन हाय, मागच्या रांगेतलं सुदीक सोडत न्हाई."

खाजामियाँला बसायला स्टूल दिलेलं होतं. तो बसला नाही.

सुदर्शननं त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि दोन्हीकडचे फोटो दाखवले. "चाचा, हितले डॉक्टर इचारून राहिले, नांदेडचा फोटो हितं एवढा काळा काऊन?" त्याच्या आवाजात अजून संशय नव्हता. तो खरंच विचारत होता. जाणकाराला विचारतात तसं.

लातूरच्या फोटोत पोटाचा वरचा भाग दिवाळीसारखा उजळलेला होता आणि गाठ एवढी ढळढळीत की तालुक्याच्या बाजारात उभं राहूनही दिसली असती. नांदेडच्या फोटोत तोच कोपरा, तीच जागा, आणि काळं. कडा एकदम साफ. साफ कडांच्या मधोमध काळं.

"बघतो," खाजामियाँ म्हणाला.

नांदेडला उतरल्यावर तो घरी गेला नाही, गाळ्यावर गेला. चहापत्तीचा डबा फडताळात होता, पट्ट्या आत तशाच. त्यानं झाकणाला नळी जाईल एवढं भोक पाडलं आणि डबा घेऊन डॉ. अमरेशच्या खोलीत शिरला.

"साहेब, एकदा ह्याच्यात घाला."

"हे काय आता?"

"पोट हाय. झाकण लावलेलं."

डॉक्टरांना आधी हसू आलं. मग पडदा चालू झाला. पाटलाची मिशी दिसली, केसन् केस. मधली भावकी संध्याकाळी दिसावी तशी दिसली. मागं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी दिवा पूर्ण वाढवला. पाटलाचं तोंड भाजल्यासारखं पांढरं झालं आणि मागची रांग होती तशीच काळी राहिली.

"तिथं माणसं हायत साहेब," खाजामियाँ म्हणाला. "मी काढलेला फोटो हाय. मला माहीत हाय ना."

डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

"मी म्हणालो होतो लाइट कमी आहे. तुम्ही काय म्हणालात?"

"साफ हाय म्हणालो."

"मग?"

"मंग माझी चूक. पण बघत तुम्ही होता. चकती काढून देतो मी. आणि ज्यांना ज्यांना ह्या दुर्बिणीनं नॉर्मल सांगितलं त्यांना परत बोलवा. दुसऱ्या दुर्बिणीनं बघा."

"आणि त्यांना काय सांगू? एका कॅमेरावाल्यानं लग्नाचा फोटो घालून मशीन पास केली होती?" डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "शिवाय त्या बाईची गाठ तेव्हा होती हे कुणी सिद्ध करू शकत नाही. आणि खाजाभाई, तुमच्याच भल्याचं सांगतो. आजकालचं वातावरण बघताय ना? गावाकडची हिंदू बाई, मशीन बिघडवणारा तुम्ही. लोक काय नाव देतील ह्याला, विचार केलाय?"

ह्या वाक्याला धमकी म्हणायची की काळजी, ते डॉक्टरांनाच ठाऊक. आपल्याकडं चांगली माणसं धमकी काळजीच्याच आवाजात देतात.

रईसानं ऐकलं आणि भाकरी तव्यावर जळू दिली. "चुप बैठो," ती म्हणाली. "पुरी गल्ली का सोचो. तुम्हारे एक के सच बोलने से किसका पेट ठीक हो रा?"

तो गप्प बसला. काही दिवस खरंच गप्प बसला. हेही लिहिलं पाहिजे, कारण त्या दिवसांतही ती दुर्बीण रोज कुणाच्या तरी घशाखाली उतरत होती. चहावाल्यानं 'पेट का फोटोग्राफर' म्हणून हाक मारली तर त्यानं भरलेला पेला त्याच्या गाड्यावर आपटून फोडला. पण डॉक्टरकडं गेला नाही.

गेला तो लातूरला. केवळाबाई आता आडवीच असायची. सुदर्शन पायाशी बसलेला. खाजामियाँनं उभ्यानंच सगळं सांगितलं. चकती, डबा, उघडं तोंड, ट्यूबचा उजेड. काहीही लपवलं नाही.

सुदर्शननं त्याच्या जाकिटाचा गळा धरला आणि भिंतीला लावला. शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बसली.

"बघ आरशासारखं म्हणून राहिला होता तू मला. तू म्हणालास. मी लातूरला न्यायला निघालो होतो."

खाजामियाँनं हात वर केले नाहीत.

केवळाबाईनं मान वळवून खाजामियाँकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग त्या बाकीच्या बाया?"

दोघांनाही कळलं नाही.

"माझ्यामागं रांगेत बसल्या होत्या त्या. एकजण मुखेडची होती, माझ्याच वयाची. तिची बी भाकर अडकत होती. तिला बी नॉर्मल दिलं असंल की."

"हाव," खाजामियाँ म्हणाला.

"मला सांगून काय उपेग? मला कळलं, झालं. तिला कोण सांगणार?" मग लेकाकडं बघून म्हणाली, "सोड त्याला सुदर्शन. त्याला काम हाय."

त्या दिवशी तिनं त्याला बस म्हटलं नाही. खाजाभाऊही म्हटलं नाही.

लातूरहून तो थेट डॉ. अमरेशकडं गेला. खोलीत नवी कोरी दुर्बीण लटकत होती. डॉक्टर प्रसन्न.

"झालं ना तुमच्या मनासारखं? जुनी बंद केली."

"चकती काढतो म्हणालो होतो मी. कुठं हाय ती?"

"दिली."

"कुणाला?"

"घेणाऱ्याला."

"आणि ती माणसं? बोलावली?"

"कोणती माणसं?" डॉक्टरांनी इतक्या सरळ विचारलं की खाजामियाँला क्षणभर वाटलं, खरंच कुणी नव्हतं की काय.

जिन्यात कंपाउंडरनं हळूच सांगितलं. धर्माबाद. तिथल्या एका छोट्या दवाखान्यानं घेतली. 'जवळचं, लांबचं, दोन्ही साफ' असं सांगून विकली.

खाजामियाँ धर्माबादला गेला. तिथल्या डॉक्टरनं त्याला चहा पाजला, पडदा लावून दाखवला आणि म्हणाला, "अहो, एवढं क्लियर चित्र तर नांदेडातही नाही. तुम्हाला काय तकलीफ आहे? कोणत्या कंपनीनं पाठवलंय?" खाजामियाँनं चकतीचं सांगितलं, फुकट काढून देतो म्हणाला. डॉक्टरनं चहाचा कप उचलून नेला. खाजामियाँ नळीला हात लावायला गेला तेव्हा दवाखान्याच्या दोन माणसांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं.

तो सरकारी टेबलांवरही गेला. ह्या टेबलावर म्हणाले हे त्या टेबलाचं आहे. त्या टेबलावर विचारलं, तुमच्याकडं दुर्बीण दुरुस्तीचं सर्टिफिकेट आहे का? नाही म्हणाला. मग तुमचं कसं खरं धरायचं, म्हणाले. विकत घेणाऱ्याकडं काय आहे, विकणाऱ्याकडं काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मुखेडच्या त्या बाईचा त्यानं शोध घेतला, पण नाव माहीत नसलेली, भाकर अडकणारी, मध्यम वयाची बाई म्हटल्यावर मुखेड तालुक्यात कोण कोण निघेल, ते तुम्हीच सांगा. प्रत्येक गावात एक निघाली. ज्यांना भेटला त्यांना तो लातूरला जा म्हणाला. काही गेल्या. काहींनी कुत्रं सोडलं.

नांदेडच्या दवाखान्यांनी त्याला काम देणं थांबवलं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त फोन यायचे थांबले. रईसा आता पिको-फॉलचं काम करते आणि त्याच्याशी कमी बोलते. पण त्याचा चहापत्तीचा डबा रोज रात्री घासून ठेवते.

कारण खाजामियाँ हल्ली दिवसभर धर्माबादला असतो. त्या दवाखान्यासमोर, मिरचीच्या आडतीच्या सावलीला, जिथं शिंकल्याशिवाय श्वास घेता येत नाही, तिथं तो तेच खिशांचं जाकीट घालून बसतो. मांडीवर चहापत्तीचा डबा. झाकणाला दोन भोकं, एकातून बारका टॉर्च, दुसऱ्याला डोळा लावायचा. तेलंगणातून आलेली माणसं, तालुक्यातल्या बाया, दवाखान्यात जाणारे सगळे त्याच्यासमोरून जातात.

"काय दाखवून राहिला रे चाचा, पिच्चर?"

"ये, बघ."

"किती घेतो?"

"फुकट हाय."

"फुकट काय दाखवणार?"

"लग्न दाखवतो. पाटील दिसल का बघ. दिसला? आता मागं कोण हाय ते सांग."

"मागं कुणीच न्हाई."

"सहा बाया हायत मागं. आता सांग, आत जाऊन पोटात दुर्बीण घालून घेणार का आधी डॉक्टरला विचारणार?"

कुणी हसतं. कुणी त्याला दुसऱ्या दवाखान्याचा दलाल म्हणतं. एकदा दवाखान्याच्या माणसानं डब्यावर पाय दिला, तर त्यानं डबा ठोकून सरळ केला आणि पुन्हा तिथंच बसला. रोज एखाद-दुसरी बाई मात्र त्याच्यासमोर थबकते, डबा खाली ठेवते, पोराकडं वळते आणि म्हणते, "आपण लातूरला जाऊ." खाजामियाँची कमाई ती एवढीच.

केवळाबाई संक्रांतीच्या आधी गेली. ह्या साली ढाळे आले नाहीत.

सुदर्शन मिरची घेऊन धर्माबादच्या मोंढ्यात आला होता तेव्हा त्याला हा दिसला. तो रस्ता ओलांडून आला. खाजामियाँ उठून उभा राहिला, मार खायच्या तयारीनं. सुदर्शननं डबा हातात घेतला आणि डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आई दिसत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई दिसत."

सुदर्शननं डबा परत त्याच्या हातात दिला आणि आडतीकडं चालू लागला. माफ केलं असं त्यानं म्हटलं नाही आणि खाजामियाँनं माफी मागितलीही नाही.

ती दुर्बीण आजही चालू आहे. पाकळीची चकती आजही तिच्यात आहे. चित्र एकदम साफ येतं.

तर आता तुमच्याकडं एक मागणं आहे. धर्माबादला गेलात तर मिरचीच्या आडतीपाशी थांबा आणि त्या माणसाच्या डब्याला डोळा लावा. तिकडं जाणं होत नसेल तर निदान एवढं करा. तुमच्या घरातल्या कुणाच्या पोटात दुर्बीण जाईल त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवा. फोटोंचा कागद हातात आला की 'नॉर्मल' शब्द वाचून उठू नका. त्यावरच्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवा आणि डॉक्टरला सांगा, इथं उजेड पाडा, मला बघायचंय. उत्तर मिळेपर्यंत ते बोट उचलू नका.